बहुभाषिक वर्गातील अध्यापन : उच्च प्राथमिक स्तर

घरची भाषा, बोली व सांस्कृतिक संस्कार परस्परांहून भिन्न असलेल्या विद्यार्थ्यांना एकाच वर्गात व एका ठरावीक माध्यमातून शिकविण्याची पद्धती. अशा वर्गात शिक्षणाचे माध्यम ही काही विद्यार्थ्यांची मातृभाषा असते, काहींची ती परिसरभाषा असते, तर काहींच्या कानांवर ती केवळ शाळेतच पडते. प्रस्तुत नोंदीत सर्वसाधारणपणे ११ ते १४ या वयोगटाच्या, म्हणजे सहावी ते आठवी या इयत्तांच्या, अध्यापनाचा विचार केला आहे. विवेचनासाठी मुख्यत्वे महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांची उदाहरणे घेतली आहेत.

पहिली-दुसरीच्या वर्गात भाषेचा प्रश्न उघड दिसतो. मुलाला शिक्षकाचे बोलणे कळत नाही व शिक्षकालाही ते लगेच जाणवते. उच्च प्राथमिक स्तरावर हाच प्रश्न दृष्टीआड होतो. तोवर मूल मराठी सहजपणे बोलू लागलेले असते. मैदानावर, बाजारात व शिक्षकांशी बोलताना त्याला अडचण येत नाही. परंतु विज्ञानाचा उतारा, गणिताचे शाब्दिक उदाहरण किंवा इतिहासातील कारणमीमांसा समोर आली, की तेच मूल अडते. मराठी येत असूनही विषय कळत नाही, तेव्हा मूल मंद असले पाहिजे, असा निष्कर्ष मग काढला जातो. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो आणि त्याची किंमत विद्यार्थ्याला शाळा सोडून द्यावी लागते.

भाषिक स्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील सु. ६९ टक्के लोकांची मातृभाषा मराठी होती. म्हणजे सरासरीने दर दहा व्यक्तींपैकी तिघांची मातृभाषा अन्य होती. राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ९·४ टक्के होते. नंदुरबार व धुळे जिल्ह्यांत भिली व तिच्या बोली, मेळघाटात कोरकू, गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत गोंडी व माडिया, यवतमाळ जिल्ह्यात कोलामी आणि पालघर जिल्ह्यात वारली व कातकरी या भाषा वा बोली बोलल्या जातात. यांपैकी भिली व वारली या इंडो-आर्यन कुळातील, गोंडी, माडिया व कोलामी या द्राविडी कुळातील, तर कोरकू ऑस्ट्रो-आशियाई कुळातील आहे. त्याच जनगणनेनुसार देशभरातील भिली भाषकांची संख्या एक कोटीहून अधिक, गोंडी भाषकांची सु. ३० लक्ष व कोरकू भाषकांची सु. ७ लक्ष होती. तथापि यांतील एकाही भाषेचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश नाही. यांखेरीज सोलापूर परिसरात कन्नड व तेलुगू, मराठवाड्यात दखनी उर्दू, बंजारा समाजात गोरमाटी आणि कैकाडी, वडार, पारधी इ. समाजांत त्यांच्या स्वतंत्र बोली प्रचलित आहेत. मुंबई महानगरपालिकेने मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड व इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालविल्या आहेत. मराठी भाषक मुलेही सर्वत्र बहुसंख्य नसतात. बेळगाव, बडोदे, इंदूर यांसारख्या ठिकाणी ती भाषिक अल्पसंख्य ठरतात.

अध्यापनाच्या दृष्टीने या विद्यार्थ्यांचे तीन स्थूल गट पाडता येतात. अहिराणी, वारली, मालवणी यांसारख्या मराठीला जवळच्या भाषा वा बोली बोलणारा पहिला गट होय. येथे भेद थोडा असल्यामुळे तो भेद म्हणून ओळखला जात नाही, तर ‘अशुद्ध’ मराठी म्हणून गणला जातो. गोंडी, कोरकू यांसारख्या अन्य कुळांतील भाषा बोलणाऱ्यांचा दुसरा गट होय. तिसरा गट स्थलांतरितांचा. त्यात अन्य राज्यांतून आलेल्या कुटुंबांची मुले येतात, तसेच ऊसतोडणीसाठी दरवर्षी काही महिने गाव सोडणाऱ्या मजुरांची मुलेही येतात. अनेक वाड्या-वस्त्यांवरील शाळा चौथी वा पाचवीपर्यंतच असतात. त्यामुळे पुढील शिक्षणासाठी आश्रमशाळेत किंवा मोठ्या गावच्या शाळेत गेल्यावर पुष्कळ मुलांना प्रमाण मराठीचा व मिश्र वर्गाचा पहिला खरा अनुभव याच स्तरावर येतो.

संकल्पनेचा विकास : एकाहून अधिक भाषांमुळे मुलाच्या बुद्धीवर ताण पडतो, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिक्षणतज्ज्ञांतही रूढ होता. युनेस्कोने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मातृभाषा हेच शिक्षणाचे सर्वोत्तम माध्यम होय, असे प्रतिपादन केले. एलिझाबेथ पील व वॉलेस लँबर्ट यांनी माँट्रिऑल येथील दहा वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास करून १९६२ मध्ये असे दाखविले, की दोन्ही भाषा चांगल्या अवगत असलेली मुले बुद्धिमापनाच्या कसोट्यांत एकभाषक मुलांच्या मागे नव्हती, तर अनेक बाबतींत पुढे होती. पुढे लँबर्ट यांनी द्वैभाषिकतेचे दोन प्रकार कल्पिले. पहिलीस धक्का न लावता दुसरी भाषा जोडली जाते, ती योगात्मक द्वैभाषिकता आणि दुसरी भाषा पहिलीची जागा घेते, ती वियोगात्मक. शाळेने यांपैकी पहिला प्रकार साधावा, हे तत्त्व आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे.

भारतात संविधानाच्या सातव्या दुरुस्तीने (१९५६) अनुच्छेद ३५०क समाविष्ट झाला व भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याची जबाबदारी राज्यांवर आली. म्हैसूर येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भाषा संस्थेने आदिवासी भाषांचा अभ्यास व त्यांतील शिक्षणसाहित्य यांना चालना दिली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने (२००५) बहुभाषिकता ही अडचण नसून वर्गातील साधनसंपत्ती आहे, अशी भूमिका घेतली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे. तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) ही मर्यादा किमान पाचवीपर्यंत व शक्यतो आठवीपर्यंत आणि त्यापुढेही नेण्याची शिफारस केली. प्रत्यक्षात मातृभाषाधारित योजनांचा भर प्राथमिक इयत्तांवरच राहिला आहे. ओडिशात २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत सुरू झालेला बहुभाषिक शिक्षणाचा कार्यक्रमही मुख्यतः प्राथमिक शाळांसाठीच होता. सहावीपुढील शिक्षकाच्या हाती त्यामुळे स्वतःच्या अध्यापनपद्धतीखेरीज फारसे साधन उरत नाही.

संभाषणभाषा व पाठ्यभाषा : या विषयातील सर्वांत उपयुक्त भेद कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला. दैनंदिन संभाषणाची भाषा आणि शालेय विषयांची भाषा या दोन वेगळ्या क्षमता आहेत. संभाषणात हावभाव, समोरच्या वस्तू व प्रसंग यांचे साहाय्य मिळते. पाठ्यपुस्तकात अर्थ केवळ शब्दांवर व वाक्यरचनेवर अवलंबून असतो. नव्या भाषेतील संभाषण मुलाला साधारणतः दोन वर्षांत साधते. परंतु विषयांच्या भाषेत समवयस्कांच्या बरोबरीला येण्यास पाच ते सात वर्षे लागतात, असे स्थलांतरित मुलांच्या अभ्यासांवरून आढळले. याचा अर्थ असा, की मराठीशी प्रथम शाळेतच परिचय झालेले मूल सहावीत या प्रवासाच्या अखेरीकडे असते, तर पाचवीत प्रथमच मराठी माध्यमात आलेले मूल आठवी संपेतोवर त्याच्या मध्यावरच असते. दोघांचेही बोलणे मात्र अस्खलित वाटते.

मराठी पाठ्यभाषेची काही वैशिष्ट्ये ही अडचण वाढवितात. पहिले वैशिष्ट्य म्हणजे संस्कृतोद्‌भव परिभाषा. ‘आटणे’ हे क्रियापद मराठी भाषक मुलाला ठाऊक असते व त्याच्या आधारे ते ‘बाष्पीभवन’ या संज्ञेपर्यंत पोचते. ज्याच्या घरी ‘आटणे’ हा शब्दच नाही, त्याला ही पायरी उपलब्ध नसते. दुसरे, एकाच शब्दाचे विषयपरत्वे बदलणारे अर्थ. ‘घन’ म्हणजे कवितेत मेघ, गणितात तिसरा घात व विज्ञानात स्थायू अवस्था. ‘मूळ’ वनस्पतीचे असते, तसेच वर्गसंख्येचेही असते. ‘कार्य’ या शब्दाचा भौतिकीतील अर्थ व्यवहारातील अर्थाहून वेगळा आहे. तिसरे, लहानशा प्रत्ययांवर अवलंबून असणारा अर्थ. ‘पाचने अधिक’ व ‘पाचपट’ किंवा ‘वीसमधून आठ’ व ‘विसाला आठने’ यांतील भेद ज्याच्या लक्षात येत नाही, तो विद्यार्थी बेरीज-वजाबाकीत निष्णात असूनही शाब्दिक उदाहरणात चुकतो. ही चूक गणिताची नसून वाचनाची असते.

भाषाभेदातून होणाऱ्या चुका : विद्यार्थ्याच्या चुका यादृच्छिक नसतात, त्यांमागे त्याच्या पहिल्या भाषेचे व्याकरण असते. मराठीत तीन लिंगे आहेत. हिंदीत दोनच असल्याने हिंदी भाषक मूल ‘पाणी आला’, ‘पुस्तक हरवली’ असे म्हणते, कारण हिंदीत ‘पानी’ पुल्लिंगी व ‘किताब’प्रमाणेच ‘पुस्तक’ही स्त्रीलिंगी आहे. गोंडीत पुरुषवाचक व इतर अशी विभागणी असून स्त्रीवाचक आणि निर्जीव वस्तुवाचक नामे एकाच वर्गात पडतात. कोरकूत एकवचन, द्विवचन व अनेकवचन अशी तीन वचने आहेत. या भाषांतून आलेल्या मुलाच्या मराठीतील लिंगवचनाच्या चुका निष्काळजीपणाच्या नव्हेत. समान दिसणारे शब्दही फसवितात : हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न व ‘खाली’ म्हणजे रिकामे. ‘खालील चौकटी भरा’ या सूचनेचा अर्थ ‘रिकाम्या चौकटी भरा’ असा लावणारे मूल आपल्या परीने तर्कशुद्ध वागत असते. असे भेद शिक्षकाने टिपून ठेवून वर्गात तुलनेने मांडले, तर त्यांचा लाभ मराठी भाषक मुलांनाही होतो. आपल्या भाषेत तीन लिंगे आहेत, ही जाणीव त्यांना अशा तुलनेनेच प्रथम होते.

सांस्कृतिक अंग : वर्गातील वागणुकीचे संकेतही सर्वत्र सारखे नसतात. शर्ली ब्राइस हीथ यांनी अमेरिकेच्या कॅरोलायना प्रदेशातील दोन श्रमिक वस्त्यांचा दीर्घकाळ अभ्यास करून १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील एका वस्तीत ज्याचे उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक आहे, असा प्रश्न मोठी माणसे मुलांना सहसा विचारीत नसत. शाळेत मात्र शिक्षकांचे बहुतेक प्रश्न याच स्वरूपाचे असत. मुले गप्प राहत व त्यांचे मौन अज्ञान समजले जाई. मौनाचा असा अर्थ लावण्याची घाई कोणत्याही देशातील शिक्षकाने टाळली पाहिजे. त्यातच ११ ते १४ हे वय आत्मभानाचे असते. उच्चारावरून एकदा हसे झाले, की पुढे मूल वर्गात बोलणेच सोडते आणि न बोलल्यामुळे त्याची भाषा वाढत नाही. चूक सर्वांसमक्ष न सुधारता, शिक्षकाने स्वतःच्या उत्तरात योग्य रूप सहज योजणे हा यावरील साधा उपाय होय.

मुलाच्या घरचे ज्ञान हे अध्यापनाचे भांडवल असते. ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबातील मुलाला ‘उचल’ म्हणून घेतलेली आगाऊ रक्कम, ‘कोयता’ म्हणजे मजूर जोडपे, मोळी, खेप व टन या मापांचा हिशेब परिचित असतो; शेकडेवारी व गुणोत्तर यांचे अध्यापन त्यावरून करता येते. जंगलातील मुलाला झाडांचे फुलोऱ्याचे व फळांचे काळ ठाऊक असतात. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी केलेल्या कार्यात हेच सूत्र होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणावर नेली व ती ‘कुरणशाळा’ म्हणून प्रसिद्ध झाली. अशी उदाहरणे योजताना एक पथ्य पाळावे लागते : कुटुंबाच्या दारिद्र्याचे प्रदर्शन होऊन मूल लज्जित होणार नाही, तर त्याचे ज्ञान वर्गाच्या उपयोगी पडेल, अशीच मांडणी असावी.

अध्यापनपद्धती : शिक्षकाला वर्गातील सर्व भाषा येणे शक्य नसते व आवश्यकही नसते; परंतु कोणाच्या घरी कोणती भाषा बोलली जाते आणि कोण किती वर्षे मराठी माध्यमात शिकत आहे, याची नोंद वर्षारंभी करणे आवश्यक असते. प्रत्येक पाठाला दोन उद्दिष्टे असावीत, एक आशयाचे व दुसरे भाषेचे. सहावीतील बाष्पीभवनाचा पाठ हे याचे उदाहरण म्हणून घेता येईल. दोन ताटल्यांत समान पाणी घेऊन एक उन्हात व दुसरी सावलीत ठेवतात. पहिल्या टप्प्यात एकभाषक विद्यार्थ्यांचे लहान गट करून निरीक्षणाची चर्चा त्यांना घरच्या भाषेत करू देतात. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक गट ‘उन्हातलं पाणी आधी आटलं’ असे साध्या मराठीत सांगतो. तिसऱ्या टप्प्यात शिक्षक ‘बाष्पीभवन’, ‘तापमान’, ‘वेग’ या संज्ञा प्रत्यक्ष प्रयोगाकडे बोट दाखवून देतो व ‘… अधिक असल्यास … अधिक होते’, ‘कारण’, ‘त्यामुळे’ ही वाक्यांची चौकट फळ्यावर लिहितो. चौथ्या टप्प्यात विद्यार्थी त्या चौकटीत स्वतःचे निष्कर्ष लिहितात : ‘तापमान अधिक असल्यास बाष्पीभवन अधिक वेगाने होते.’ पुस्तकातील उतारा शेवटी वाचावयाचा असतो. तोवर त्यातील कल्पना परिचित झालेली असते व केवळ भाषा नवी उरते. नेहमीच्या क्रमात कल्पना व भाषा दोन्ही एकदमच नव्या असतात.

घरच्या भाषेत विचार व शाळेच्या भाषेत अभिव्यक्ती असा हेतुपूर्वक बदल करण्याची रीत वेल्समधील सेन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये वर्णिली व पुढे ती अन्यत्र प्रसृत झाली. तिला पूरक अशी अन्य साधने म्हणजे मुलांनीच तयार केलेला बहुभाषिक शब्दसंग्रह, एका पाठात पाच-सहापेक्षा अधिक नव्या संज्ञा न देणे, आकृत्या व नकाशे यांचा वापर आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या कथा घरच्या भाषेत देवनागरीत लिहून मग मराठीत सांगणे. काही चुका टाळावयास हव्यात : मराठी चांगले येणाऱ्या एकाच मुलाला कायमचा दुभाष्या बनविणे, अन्य भाषक मुलांना मागील बाकांवर एकत्र बसविणे आणि त्यांच्यासाठी आशय सोपा करता करता तो क्षुल्लक करणे. भाषेचा आधार वाढवावा, आशय कमी करू नये, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होय.

मूल्यमापन : केवळ लेखी परीक्षा घेतल्यास भाषा व विषयज्ञान यांची गल्लत होते. विज्ञानाच्या उत्तरात आशय व भाषा यांना वेगळे गुण देणे, तोंडी उत्तर, आकृती वा प्रयोग यांद्वारे उत्तर स्वीकारणे आणि प्रश्नातील वाक्ये लहान ठेवणे हे सहजसाध्य उपाय आहेत. विद्यार्थ्याला अध्ययनात अक्षम ठरविण्यापूर्वी त्याच्या पहिल्या भाषेतून त्याची पारख होणे आवश्यक आहे. शिक्षणहक्क अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याचा अधिकार राज्यांना मिळाला व महाराष्ट्रात २०२३ मध्ये या दोन्ही इयत्तांच्या अखेरीस वार्षिक परीक्षेची तरतूद झाली. त्यामुळे पाठ्यभाषेतील उणीव ही विषयातील उणीव समजली जाण्याचा परिणाम पूर्वीपेक्षा गंभीर झाला आहे.

मतभेद व मर्यादा : कमिन्स यांच्या द्विविभाजनावर असा आक्षेप घेतला जातो, की त्यामुळे घरची भाषा केवळ गप्पांची व शाळेची भाषा विचारांची, असा गैरसमज दृढ होतो. वस्तुतः कोणत्याही भाषेत अमूर्त विचार मांडता येतो. भेद भाषांच्या योग्यतेचा नसून त्या त्या भाषेत मिळालेल्या सरावाचा आहे. पालकांचा आक्षेप वेगळा असतो. मुलाने मराठी व इंग्रजी शिकून पुढे जावे, घरची भाषा शाळेत कशाला, असा प्रश्न आदिवासी व स्थलांतरित पालकच अनेकदा विचारतात. तो रास्त आहे. महाराष्ट्रात २०२० च्या अधिनियमाने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला असून राज्यभाषेवर प्रभुत्व मिळविणे हा प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्कही आहे. घरच्या भाषेचा वर्गातील उपयोग त्या प्रभुत्वाचा मार्ग आहे, पर्याय नव्हे, हे पालकांना पटवून देणे शिक्षकाच्या कार्याचाच भाग ठरतो. पहिल्या भाषेत पक्की झालेली कल्पना दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावी लागत नाही. तिला केवळ नवे नाव द्यावे लागते.

अन्य मर्यादा प्रशासकीय आहेत. परिसरातील भाषा जाणणाऱ्या शिक्षकांची नेमणूक, त्यांचे त्या भागात पुरेसा काळ टिकून राहणे, विषयशिक्षकांच्या प्रशिक्षणात भाषेच्या अध्यापनाचा अंतर्भाव आणि स्थलांतरित मुलांची नोंद एका शाळेतून दुसरीकडे वेळेवर पोचणे यांवर वर्गातील यश बऱ्याच अंशी अवलंबून असते. भाषा शिकविणे हे केवळ भाषाशिक्षकाचे काम होय, ही समजूत या स्तरावर विशेष हानिकारक ठरते. कारण गणिताची भाषा गणिताच्या तासाला व इतिहासाची भाषा इतिहासाच्या तासालाच शिकता येते.